बाकावरच्या आत्या

बर्न वॉर्डात माझ्या नवऱ्याचं फार कौतुक होतं.

"वैजयंताताई, नशीब काढलंत," सिस्टर म्हणायच्या. "इथं बायकांना आणून टाकतात आणि नंतर तोंड दाखवत नाहीत. तुमचे बघा, रोज शहाळं घेऊन हजर."

दिगंबर लाजल्यासारखा हसायचा. तोंडावरचा मास्क नीट करायचा आणि चमच्यानं शहाळ्याचं पाणी माझ्या ओठांना लावायचा. माझा उजवा गाल, मान, खांदा आणि कोपरापर्यंतचा हात पट्ट्यांत होता. उजवा डोळा सुजून मिटला होता. तोंड पुरतं उघडत नव्हतं, म्हणून तो थेंब थेंब घालायचा, सांडलं की रुमालानं टिपायचा. सिस्टर पुढच्या कॉटकडं वळल्या की तसाच हसत, हळू आवाजात म्हणायचा, "समीक्षा सारखी विचारती, आई कधी येणार म्हणून. ताईकडं हाय. नीट हाय ती. नीटच राहील."

समीक्षा आमची मुलगी, नुकती बालवाडीत जायला लागलेली. ताई म्हणजे माझी नणंद. तिचं घर निपाणीच्या पलीकडं एका खेड्यात. 'नीटच राहील' हे शब्द तो माझ्या कानाशी येऊन का म्हणतो, ते मला कळत होतं.

आणि हे सगळं बघत कॉटच्या पायथ्याशी, लोखंडी बाकावर आत्या बसलेल्या असायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. आक्काताई त्यांचं नाव. वॉर्डात एकाच नातेवाइकाला राहता यायचं, ती जागा दिगंबरनं त्यांना दिली होती. जाताना तो त्यांना बजावायचा, "आई, ध्यान ठेव. कोण येतंय, काय बोलतंय, बघत जा."

आत्या मान हलवायच्या. एवढंच. माझ्याशी त्या बोलत नसत. बेडपॅन द्यायच्या, माश्या वारायच्या, पाणी पाजायच्या, आणि परत बाकावर जाऊन बसायच्या. लेकानं माझ्यावर नेमलेला पहारा, असंच मी त्यांना धरून चालले होते.

काय घडलं होतं ते आता सांगते.

आमचं गाव हुपरीच्या जवळ. त्या भागात घरोघरी चांदीचं काम चालतं. दिगंबर पैंजण करायचा. घरामागं पत्र्याचं शेड होतं, तिथं भट्टी, आणि चांदी उजळायला लागतं ते ॲसिड, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये. हात त्याचा कलाकाराचा होता, यात शंका नाही. तोच हात माझ्यावर उठायचा. आधी कधीतरी, मग भाजीत मीठ कमी पडलं तरी. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर माझ्या मिरजेच्या मावशीनं तिच्या ओळखीनं एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम बघितलं आणि निरोप धाडला, 'पोरीला घे आणि ये.' मी दिगंबरला सरळ सांगितलं, मी जाणार. चोरून जायचं माझ्या मनाला पटत नव्हतं.

त्या दिवशी मी पिशवी भरून ओसरीत ठेवली. समीक्षा शेजारी खेळत होती, तिला हाक मारायला म्हणून अंगणात आले. दिगंबर शेडमधून आला. त्याच्या हातात मग होता. मला वाटलं, पाणी आहे.

"जा आता," तो म्हणाला. "बघू कोण बघतंय तुझ्याकडं."

मी मान फिरवली तेवढ्यात ते अंगावर आलं. पहिल्या क्षणी फक्त ओलं वाटलं. मग कुणीतरी कातडीच्या आत शिरून ओरबाडतंय असं वाटायला लागलं. मी ओरडले की नाही, आठवत नाही. आठवतं ते हे, की ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या आत्यांनी सूप टाकलं, मला खांद्याला धरून फरफटत टाकीच्या नळाखाली नेलं, नळ पूर्ण सोडला आणि अंगावरचा ब्लाऊज टराटरा फाडला. शेजारची एक बाई टूथपेस्ट घेऊन धावत आली. "ते काय लावू नको तिला," आत्या ओरडल्या. दुसरी हळद घेऊन आली. तिलाही मागं सारलं. दिगंबर म्हणाला, "पुरे की आता, गाडी आणतो." आत्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही. टाकी रिकामी होऊन नळातून नुसती हवा यायला लागेपर्यंत त्यांनी माझं डोकं उजव्या कुशीवर दाबून धरलं, म्हणजे पाणी डोळ्यावरून बाहेरच्या अंगाला वाहून जाईल. हे त्यांना कुणी शिकवलं होतं? चांदीच्या गावात जन्म गेलेला, ॲसिडनं पोळलेले हातपाय त्यांनी बघितलेले.

शेजाऱ्याच्या जीपमध्ये दिगंबर माझ्याजवळ बसला. रडत होता, खरंच रडत होता. आणि रडता रडता म्हणाला, "कॅन उचलताना पाय घसरला तुझा. ध्यानात ठेव. समीक्षाला ताईकडं धाडतो, तिचं बघ." आत्या पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी ऐकलं असणारच. मागं वळल्या नाहीत.

कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात हवालदार आले, तेव्हा दिगंबर माझ्या उशाशी उभा होता.

"काय झालं बाई?"

"कॅन उचलताना घसरलं," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. झालं. मला वाटलं, आता हेच खरं. जे बोलले ते बोलले, ते परत गिळता येत नाही.

माझा भाऊ प्रल्हाद येऊन गेला. दारातच रडला. मग जवळ येऊन म्हणाला, "वैजा, झालं गेलं. पोरीचं बघ. त्याच्याशिवाय तुझं हे सगळं कोण निस्तरणार? माझी परिस्थिती तुला माहीत हाय." प्रल्हादला सगळं ठाऊक होतं, मला न विचारता. मी मान हलवली नाही, कारण मान हलतच नव्हती.

ड्रेसिंगचे दिवस वाईट असायचे. डॉक्टर इंगवले नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हात हलका होता आणि करत असताना काय करतेय ते सांगायच्या. "मेलेली कातडी काढावी लागते, नाहीतर खाली पू धरतो. जंतू शिरले की जखमेपेक्षा तेच जास्त जिवावर येतं. म्हणून इथं चप्पल नको, मास्क हवा." मला उशी देत नसत. मानेखाली कापडाची गुंडाळी, डोकं मागं. "उशी घेतली तर हनुवटी छातीला धरेल," त्या म्हणाल्या, "कातडी भरताना आकसते, ती फार ओढ घेते. पुढं मांडीची कातडी काढून मानेला लावू. मांडीला पुन्हा येते." डोळ्याचं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ॲसिड अंगावर असेतोवर आत आत खात जातं. ज्यांनी एवढं पाणी ओतलं, त्यांनी हा डोळा राखला." आत्या बाकावर होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

एकदा ड्रेसिंग करता करता डॉक्टर एकदम थांबल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "कॅन उचलताना घसरलात ना? मग पायांवर काहीच कसं नाही? हे तर गालावरून खांद्यावर ओघळलंय."

मी डावा डोळा मिटून घेतला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्याच सुमाराला दिगंबरनं घरी न्यायचं काढलं. "गावाकडं एक वैद्य हाय, भाजल्यावर लेप देतो. इथं सुरी लावून घ्यायची कशाला? मी डिस्चार्ज मागतो." डॉक्टर नाही म्हणाल्या, तर तो व्हरांड्यात मोठ्यानं बोलला, "बायको माझी, खर्च माझा." मी पडल्या पडल्या ऐकत होते. एकदा त्या घरात परत गेले, की ती मांडीची कातडी, मानेचं ऑपरेशन, सगळं राहिलं. हनुवटी छातीला चिकटलेली बाई शेडच्या कोपऱ्यात बसवून ठेवायला किती सोपी.

दुसऱ्या दिवशी दुपारी फरीदा मुजावर आल्या. दवाखान्याच्या समाजसेवा विभागातल्या. मध्यम वयाच्या, डोक्यावरून ओढणी, आवाज शांत. स्टूल ओढून माझ्या डाव्या बाजूला बसल्या. आत्या बाकावर होत्या. मुजावर मॅडमनी त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही, याचा मला राग आला. या बाईला इतकंही कळू नये?

"मी तुम्हाला काहीच विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त सांगणार. तुम्ही ऐकून ठेवा. पटलं तर पटलं."

मी छताकडं बघत राहिले.

"पहिलं म्हणजे, तुम्ही नको म्हणालात तर तुम्हाला इथून कुणी नेऊ शकत नाही. नवरासुद्धा नाही. तुम्ही शुद्धीवर आहात, मोठ्या आहात. तुमचं अंग, तुमचा निर्णय. आणि कुणी कुणावर ॲसिड टाकलं असेल, तर त्या माणसाला कुठल्याही दवाखान्यानं फुकट उपचार द्यायचे असतात. सरकारी असो, खाजगी असो. तसा कायदाच आहे. कुणाच्या खिशावर अवलंबून राहायला लागत नाही."

मी डोळा त्यांच्याकडं वळवला.

"सरकारकडून मदतही मिळते, पुढच्या ऑपरेशनांना, उभं राहायला. त्यासाठी मी धावपळ करेन, ते माझं कामच आहे. केस लढायला वकील मोफत मिळतो. बाईमाणसाला मिळतोच, तिची कमाई कितीही असो."

"मी सांगितलंय हवालदारांना," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "ठसा दिलाय."

"भीतीनं दिलेला जबाब शेवटचा नसतो. परत देता येतो. बाई अधिकारी येऊन घेते. तहसील कचेरीतले साहेब येतात, डॉक्टर आधी बघतात तुम्ही बोलण्याच्या स्थितीत आहात का, आणि बाकी सगळ्यांना बाहेर काढतात. सगळ्यांना. आधी वेगळं का सांगितलं, तेही विचारतात. तेव्हा जे खरं ते सांगायचं."

माझ्या घशाशी एकच प्रश्न होता. बाकाकडं न बघता तो विचारला. "आणि लहान पोरगी दुसऱ्याच्या घरात ठेवली असली तर?"

"लहान लेकरासाठी आई कोर्टात गेली तर कोर्ट ऐकतं. मिळेल ती. थोडा वेळ लागेल."

थोडा वेळ. त्या थोड्या वेळात काय काय होऊ शकतं, हे मुजावर मॅडमना कसं सांगू? मी म्हणाले, "मला झोप येतेय." त्या उठल्या, माझ्या डाव्या हातावर हात ठेवला आणि गेल्या.

वॉर्डात पंख्याचा आवाज तेवढा उरला. आत्या उठल्या, माझ्या पायावरची चादर सारखी केली. "बाई शिकलेली हाय," त्या म्हणाल्या. आणि परत बाकावर.

सकाळी बाक रिकामा होता.

"आजी गावाला जाऊन येते म्हणाल्या," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्या गाडीनं गेल्या."

मुजावर मॅडमचं अक्षर न् अक्षर आता दिगंबरच्या कानावर जाणार. दुपारी तो आला तो हसतच. शहाळं होतंच.

"आई कुठं गेली?"

"गावाला."

"मला बोलली न्हाई काय. कपडे आणायला गेली असंल." तो माझ्याजवळ वाकला. "उद्या डिस्चार्ज. डॉक्टरीण काय म्हणायचं ते म्हणू दे. जीप सांगितलीय."

म्हणजे अजून त्याची आणि आत्यांची गाठ पडलेली नाही. संध्याकाळी पडेल. मग उद्या जीप. मी ओठ मिटून घेतले, पाणी घेतलं नाही. त्यानं रुमालानं हनुवटी टिपली आणि सिस्टरना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज तिला बरं वाटत न्हाई वाटतं."

त्या दिवशी मी ठरवलं होतं, की सकाळी डॉक्टर आल्या की मी 'जाणार नाही' एवढं तरी म्हणेन. पुढचं बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. समीक्षा त्यांच्या हातात असताना नव्हतं.

सकाळी डॉक्टरांच्या आधी आत्या आल्या. लुगड्याला धूळ, डोळे तांबारलेले. या वेळी बाकावर बसल्या नाहीत. स्टूल ओढलं, माझ्या डाव्या कानाशी आल्या.

"समीक्षाला आणलं."

मला कळलंच नाही त्या काय म्हणाल्या ते.

"मिरजेत हाय. तुझ्या मावशीकडं सोडून आले काल सांजच्याला. तिथंच ऱ्हायले, सकाळच्या गाडीनं आले."

"ताईंनी... दिली?"

"तिला म्हटलं, आईला बघाय नेते. आजीनं नातीला न्यायला कुणाची परवानगी लागती व्हय?"

"आणि ह्यांना?"

"त्याला ठाऊक न्हाई. आज कळंल." त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागं केले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्या डोक्याला हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. "वरण-भात खाल्ला पोरीनं. दोनदा मागून घेतला. मावशीच्या मांजरामागनं पळत हुती. आई आई करती, पण रडत न्हाई. मावशी म्हणाली, दाराला कडी घालते, कोण आलं तरी देत न्हाई."

मी रडायला लागले. एका डोळ्यानं.

"रडू नको, पट्टी भिजती," आत्या म्हणाल्या. "आता बोलाव त्या मुजावरबाईला."

दुपारपर्यंत सगळे आले. सनदी मॅडम नावाच्या पोलीस उपनिरीक्षक, उंच, केस घट्ट बांधलेले. तहसील कचेरीतून चष्मा लावलेले एक वयस्कर साहेब. डॉक्टर इंगवलेंनी माझी नाडी बघितली, मला माझं नाव, गाव, आज वार कोणता ते विचारलं आणि साहेबांना म्हणाल्या, "बोलू शकतात. पूर्ण भानावर आहेत." मग सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आत्या स्वतःहून उठल्या.

तेवढ्यात दाराशी दिगंबरचा आवाज. "कोण आलंय आत? मी नवरा हाय तिचा!"

"म्हणूनच बाहेर थांबा," सनदी मॅडम म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

त्या माझ्याजवळ आल्या. साहेब कागद सरसावून बसले. "काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा. घाई नाही."

मला वाटलं होतं, शब्द फुटणार नाहीत. पण ते वाक्य इतके दिवस आत तयार होऊन बसलेलं होतं.

"माझ्या नवऱ्यानं माझ्या अंगावर ॲसिड टाकलं."

छत जिथल्या तिथं होतं. पंखा फिरत होता. मग मी सगळं सांगितलं. पिशवी, मग, तो काय म्हणाला ते, नळ, जीप. मध्ये दोनदा पाणी प्यायले. साहेब मधेच थांबवून वाक्य परत वाचून दाखवायचे, "असंच ना?" मी हो म्हणायची.

"आधी हवालदारांना वेगळं का सांगितलं?"

"नवरा उशाशी उभा होता. आणि माझी मुलगी त्याच्या बहिणीकडं होती."

"आता?"

"आता नाही."

सनदी मॅडमनी मान डोलावली. "हे होताना कुणी बघितलं?"

तिथं मी अडखळले. नातीला सोडवून आणणं वेगळं. पण पोटच्या मुलाविरुद्ध पोलिसांसमोर बोलणं? नवरा गेल्यावर दुसऱ्याच्या शेतात राबून त्यांनी त्याला वाढवलं होतं. त्या 'मी आत होते, बघितलं नाही' एवढं म्हणाल्या असत्या, तरी मी त्यांना दोष दिला नसता.

"माझ्या सासूबाई ओसरीत होत्या," मी म्हणाले. "पण त्या... तुम्ही त्यांना जबरदस्ती करू नका."

"जबरदस्ती कुणालाच नाही," सनदी मॅडम म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

दार नीट मिटलं नव्हतं. व्हरांड्यातलं बोलणं मला ऐकू येत होतं.

"आजी, तुम्ही त्यांच्या कोण?"

"सासू. आणि त्याची आई."

"त्या दिवशी काय बघितलंत?"

मग आत्यांचा आवाज आला, बाजारात ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा, ना हळू ना मोठा.

"मी तांदूळ निवडत हुते. माझा लेक मग घेऊन शेडातनं आला. ती पोरगी अंगणात हुती. त्यानं तिच्या तोंडावर टाकलं. मी डोळ्यानं बघितलं. लिवून घ्या. अंगठा कुठं लावू सांगा."

"आई!" दिगंबर ओरडला. "आई, काय बोलतीस तू!"

"तू गप," आत्या म्हणाल्या.

पावलांची धावपळ, मग जिन्यावरून उतरणारे आवाज, मग शांतता. बऱ्याच वेळानं आत्या आत आल्या. खिडकीशी जाऊन खाली बघत उभ्या राहिल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज मलाही आला. तो पुरता विरेपर्यंत त्या तिथंच होत्या.

"नेलं," त्या म्हणाल्या.

"आत्या, रडा की."

"रडंन नंतर," त्या म्हणाल्या. "आधी तू पाणी पी. शहाळं तसंच पडलंय, त्यातलं नको पिऊ." त्यांनी पेल्यात साधं पाणी घेतलं आणि माझ्या ओठांना लावलं. अर्धं सांडलं. त्यांनी टिपलं नाही. सांडू दिलं.

मुजावर मॅडमनी मला एक गोष्ट नंतर सांगितली. मी ड्रेसिंगला गेलेली असताना आत्या विचारत विचारत त्यांच्या खोलीपाशी गेल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या, आत बसायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "माझ्या सुनेला कायदा सांगा. पण माझ्यादेखत सांगा. म्हंजे मला बी कळंल, काय करायचं ते." म्हणून त्यांना बाहेर काढलं नव्हतं. आणि मी समीक्षाबद्दल विचारलं, तो प्रश्न बाकावर बसलेल्या माणसानं ऐकला होता.

मी आत्यांना विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास?"



मांडीची कातडी मानेला लागली. पहिल्या खेपेला थोडी गळली, दुसऱ्या खेपेला धरली. डॉक्टर इंगवले पट्टी उघडून बघताना श्वास रोखून होत्या, आणि मग हसल्या, तेव्हा मला कळलं की माझ्याइतकीच त्यांनाही काळजी होती. केसचंही इथंच सांगून टाकते. आत्यांनी कोर्टातही तेच सांगितलं, जे व्हरांड्यात सांगितलं होतं, त्याच आवाजात. दिगंबरच्या वकिलानं त्यांना विचारलं, सुनेनं तुम्हाला फितवलं काय? त्या म्हणाल्या, "तिचं तोंड त्या टायमाला उघडत बी न्हवतं." दिगंबरला शिक्षा झाली. असल्या गुन्ह्याला दहा वर्षांच्या आत शिक्षाच नाही, हे मला तिथं कळलं.

पण मला सारखा आठवतो तो दवाखान्यातून सुटण्याचा दिवस.

गळ्याभोवती आणि गालावर घट्ट बसणारं कातडीच्या रंगाचं कापड चढवलं होतं. व्रण उंच वाढू नयेत म्हणून ते कैक महिने घालायचं होतं. मान मागं ताणायची, तोंड मोठं उघडायचं, रोज, दुखलं तरी. मी कोल्हापूर स्टँडवर मिरजेच्या गाडीत चढले. आत्यांची गाडी पलीकडच्या फलाटावर लागली होती. त्यांनी माझी पिशवी वर टाकली आणि माझ्या मागून स्वतःही चढल्या.

"आत्या, तुमची गाडी तिकडं लागलीय."

"तिकडं काय हाय माझं?" त्या म्हणाल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

गाडी सुटली. कंडक्टर आला. "कुठं?"

"दोन मिरज," मी म्हणाले.

त्यानं तिकीट फाडता फाडता माझ्या तोंडाकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. "अरेरे. काय झालं ताई? गॅसचा भडका?"

आजूबाजूच्या चार माना वळल्या. दवाखान्याच्या बाहेर हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं.

"गॅस नाही," मी म्हणाले. "नवऱ्यानं ॲसिड टाकलं."

तेव्हा आत्या समोर बघत, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "माझा लेक तो."

कंडक्टरनं तिकिटं माझ्या हातात दिली. दोन पावलं पुढं गेला आणि परत आला. "या खिडकीला ऊन येतंय ताई. नव्या कातडीला बरं न्हवं. पलीकडं बसा, तिथं सावली हाय." पलीकडची एक बाई आधीच उठली होती. आम्ही जागा बदलली.

हातकणंगले मागं पडलं. आत्या बराच वेळ काहीतरी मनात घोळवत होत्या.

"वैजा, तुझ्या मावशीला ठाऊक हाय न्हवं, मी बी येतेय म्हणून?"

"नाही."

"अगं बया! मग?"

त्यांचा चेहरा असा झाला होता, पोलिसांसमोर न डगमगलेल्या त्या बाईचा, की मला हसू फुटलं. गाल ओढला गेला, मानेला चर्र झालं, तरी थांबेना.

"हसू नको," आत्या घाबरून म्हणाल्या. "कातडं ताणतंय."

"डॉक्टर म्हणाल्यात, रोज ताणायचं."

आत्यांनी जरा विचार केला.

"मग हस," त्या म्हणाल्या.